सॅकच्या पट्ट्यांची गोम टाक्यात

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत पावसाळी ट्रेकच्या सामानाची यादी येते. बूट, रेनकोट, टॉर्च, शिट्टी, ओआरएसची पुडी. सॅकही असते यादीत, पण 'चांगली सॅक' एवढ्या दोनच शब्दांत. ज्यांच्याकडे कॉलेजची ३० लिटरची बॅग आहे किंवा थोरल्या भावाची जुनी ४५ लिटरची सॅक आहे, त्यांनी काय करायचं हे कुणी लिहीत नाही. अशा बहुतेक बॅगांत उणीव एकच असते. बाजूने आवळणारे पट्टे, ज्यांना दुकानात कॉम्प्रेशन स्ट्रॅप म्हणतात, ते नसतात. आणि असले तर शोभेपुरते. ते घरी लावता येतात. ३ मीटर पट्टी, चार बकलं, एक दणकट रीळ आणि अर्धी दुपार एवढ्यात काम होतं. पण ते जसं केलेलं पाहायला मिळतं, त्यात नेमकी एक गोष्ट पुन्हा पुन्हा चुकते, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री चालवावी, फक्त टाक्यांचा भाग ठेवावा.

आधी पट्ट्यांची गरज का पडते ते. सॅक गच्च भरलेली असते तोवर सामान एकमेकांना धरून राहतं. दुसऱ्या दिवशी शिधा संपत येतो, पाणी उतरतं, आणि उरलेलं सगळं तळाशी बसून पाठीपासून मागे झोल घेतं. १२ किलोच्या सॅकचा भार पाठीपासून १२ सेंटीमीटरवर होता तो २० सेंटीमीटरवर गेला, तर मागे खेचणारा जोर दीडपटीच्या वर जातो. वजन मात्र एका ग्रॅमनेही वाढलेलं नसतं. माणूस नकळत पुढे वाकतो आणि संध्याकाळी कंबर धरते. सपाटीवर हे निभावतं. कळसूबाईच्या किंवा रतनगडाच्या लोखंडी शिडीवर, अलंग-मदनच्या कातळावर, एका हाताने पुढची खोबण चाचपत असताना सॅक डावीकडे झुलली की तोलही तिच्यामागे जातो. पट्टे हा झोल काढतात आणि सामान पाठीला चिकटवून ठेवतात. तंबूच्या काठ्या किंवा काठी बाजूला अडकवता येते हा वरचा फायदा.

आता पट्टी. पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत बॅगांचं सामान विकणारी दुकानं आहेत. तिथे 'नायलॉन बेल्ट' म्हणून मागितलं की जे हातात पडतं ते नायलॉनच असेल असं नाही. पुष्कळदा ते पॉलिप्रॉपिलीन असतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. वीतभर तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून, चोळून त्यातली हवा काढायची आणि सोडून द्यायचा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, कारण ते पाण्याहून हलकं असतं. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. पॉलिप्रॉपिलीन अगदी टाकाऊ नाही. ते पाणी पीत नाही आणि भिजून ताणतही नाही. पण उन्हाने त्याचे तंतू लवकर पिंजतात, कातळावर घासलं की लव सुटते, आणि ते इतकं गुळगुळीत असतं की बकलातून हळूहळू सरकत राहतं. नायलॉन मजबूत, हाताला मऊ, बकलात चांगलं धरतं. त्याचा दोष हा की भिजलं की थोडं लांबतं. पावसात तासाभराने पट्टे सैल वाटायला लागतात ते यामुळे, पट्टी बिघडली म्हणून नव्हे. पॉलिस्टरची पट्टी मिळाली तर सर्वांत बरी: ओल्याने ताणत नाही आणि उन्हाला टिकते. नाही मिळाली तर नायलॉन घ्यावी आणि वाटेत एकदा पुन्हा आवळावी.

रुंदी पाऊण इंच पुरे. ५० लिटरच्या वरच्या सॅकला एक इंच. दीड इंची पट्टी कंबरेच्या पट्ट्यासाठी असते, ती बाजूला लावून काही साधत नाही, उलट कापडावर ताठ उभी राहते. रुंदीपेक्षाही महत्त्वाची जाडी. प्रवासी बॅगांच्या हँडलला असते तशी २ मिलिमीटरची जाडजूड पट्टी 'मजबूत' म्हणून घेतली जाते आणि मग दोन घोटाळे होतात. ती बकलाच्या दांड्यावर नीट वळत नाही, म्हणून आवळलेली राहत नाही. आणि दुमडून शिवायला गेलं की घरचं मशीन अडकतं. १ ते सव्वा मिलिमीटरची, बोटावर सहज गुंडाळली जाणारी पट्टी हवी. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्यावं.

बकलं घेताना पट्टीचा तुकडा खिशात असावा. पाऊण इंची पट्टी एक इंची बकलात बसते, पण तिरकी होऊन एका बाजूला सरकते आणि सुटते. चारही पट्ट्यांना क्लिप नको. वरच्या दोन पट्ट्यांना चुटकीसरशी सुटणारी क्लिप, म्हणजे दोन्ही बाजूंनी दाबून उघडतात ती, कारण तिथेच काठी किंवा मॅट आत सरकवायची असते. खालच्या दोघांना नुसतं लॅडर-लॉक बकल, ज्यातून पट्टी ओढली की घट्ट आणि बकल उचललं की सैल. खालचा पट्टा पूर्ण उघडायची वेळ क्वचित येते आणि क्लिपचे दोन दात हाच तिचा सर्वांत नाजूक भाग. सॅक दगडावर आदळली की तेच तुटतात. क्लिप तपासायची तर दुकानातच दहा वेळा लावून-उघडून पाहावी. दात दाबल्यावर लगेच उसळून जागेवर आले पाहिजेत, आणि कडेला साच्याची बोचरी धार नसावी. ती धार पट्टी कापते. लॅडर-लॉकमध्ये पट्टी कशी ओवायची हे कुठेही वाचायची गरज नाही, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला खाली तेच बकल असतं. तिथे पाहून तशीच ओवावी. उलटी ओवली तर ओढताना घट्ट झाल्यासारखी वाटते आणि भार आला की सरकते.

स्वस्तात म्हणून काही जण पट्टीऐवजी लवचिक दोरी लावतात, तर काही जण वेल्क्रो. लवचिक दोरी ओला रेनकोट बाहेर खोचायला ठीक. भार आवळायला ती निरुपयोगी आहे, कारण प्रत्येक पावलाला ती ताणते आणि आकसते, म्हणजे जो हेलकावा थांबवायचा तोच ती चालू ठेवते. वेल्क्रोत ऑक्टोबरमध्ये एकदा गवतातून गेलं की कुसळं भरतात, आणि पावसाळ्यात चिखल. दोन्ही सुईने टोकरून काढत बसावं लागतं.

मापाकडे वळू. ४५ लिटरच्या सॅकची बाजू गच्च भरल्यावर साधारण २२ सेंटीमीटर खोल असते असं धरलं, तर बकलाकडचा आखूड तुकडा १४ सेंटीमीटर कापायचा. बकलातून ओवून दुमडला की तो ७ चा होतो. त्यातला ३ शिवणीच्या आत जातो, ४ बाहेर दिसतो. लांब तुकडा ४५ सेंटीमीटर: त्यातला ३ शिवणीत, ३ टोकाच्या दुमडीत, आणि उरलेल्यात बाजूला काठी किंवा मॅट अडकवूनही हाताने धरायला शेपूट उरतं. एका पट्ट्याला ५९, चारांना मिळून २३६ सेंटीमीटर. ३ मीटर घ्यावी, एखादा तुकडा बिघडतोच. आखूड तुकडा आणि बकल पाठीकडच्या शिवणीत, लांब तुकडा पुढच्या शिवणीत. उलट केलं तर लोंबणारं टोक चालताना सतत कोपराला लागत राहतं.

जागा ठरवताना सॅक भरून, पाठीवर घेऊन, दुसऱ्याकडून खडूने खुणा करून घ्याव्यात. रिकाम्या सॅकवर केलेल्या खुणा हमखास चुकतात. वरचा पट्टा तोंडापासून ८ सेंटीमीटर खाली. खालचा पट्टा बाटलीच्या खिशाच्या तोंडाच्या २-३ सेंटीमीटर वर. खिशावरूनच नेला की बाटली निघत नाही, आणि तहान लागल्यावर पट्टा सोडायचा कंटाळा येऊन माणूस पाणी कमी पितो. पुढे उभी चेन असलेल्या सॅकवर पट्टा चेनवरून जाऊ देऊ नये.

आता मुख्य गोष्ट. घरी लावलेला पट्टा निकामी होतो तेव्हा पट्टी सहसा तुटलेली नसते. ती जिथे सॅकला जोडली तिथला टाका उसवलेला असतो, किंवा टाके शाबूत राहून त्यांच्या भोवतालचं कापडच फाटून आलेलं असतं. सगळा जोर त्या २ सेंटीमीटरवर येतो. बाजूच्या मोकळ्या कापडावर पट्टी ठेवून चौकोनी टीप मारणं हा सर्वांत सोपा मार्ग आणि सर्वांत वाईट. कापड एका पदराचं असतं, त्याच्या आत लेप दिलेला असतो, आणि सुईने त्यात ओळीने भोकं पाडली की ते पोस्टाच्या तिकिटासारखं फाटायला तयार होतं. टाके जितके दाट, तितकं लवकर. 'भरपूर टाके घाला' हा सल्ला इथे घात करतो. टाक्याची लांबी ३ मिलिमीटर ठेवावी आणि जोर हवा तर ओळी वाढवाव्यात.

पट्टीची खरी जागा शिवणीत आहे. सॅक उलटी करून आत पाहिलं की पाठीचा आणि बाजूचा भाग जुळतो तिथे बोटभर माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेलं कापड, दिसते आणि तिच्यावर गोट, म्हणजे कड झाकणारी फीत, गुंडाळलेली असते. कारखान्यात पट्टे इथेच पकडतात. आधी आतली पाठीची पॅड-पट्टी, अॅल्युमिनियमच्या सळ्या, प्लॅस्टिकचा पत्रा जे निघेल ते काढून ठेवावं. सळीवर सुई आपटली तर सुईचा तुकडा डोळ्याकडे उडतो. मग खुणेच्या जागी गोट ५-६ सेंटीमीटर उसवावी, पण मुख्य शिवण मात्र पट्टीच्या रुंदीइतकीच, म्हणजे २ सेंटीमीटर. उसवलेल्या दोन्ही टोकांना लगेच उलटी टीप मारून मूळ दोरा बांधून टाकावा, नाहीतर पुढच्या ट्रेकला तीच शिवण वरपर्यंत उसवत जाते. त्या फटीतून पट्टीचं टोक आत ओढायचं. ते मायेच्या कडेला बरोबरीने कापण्याचा मोह होतो, कारण तसं नीटनेटकं दिसतं. तसं केलं तर ओढ आली की पट्टीचे आडवे-उभे धागे टाक्यांतून एकेक करून निसटतात. ३ सेंटीमीटर टोक आत राहू द्यावं.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि तीच बहुधा राहून जाते. पट्टा ज्या दिशेला ओढला जाणार त्याच दिशेला तो शिवणीतून बाहेर आला पाहिजे. आडवा पट्टा असेल तर काटकोनात; तिरका नेणार असाल तर शिवणीत शिरतानाच तिरका. सरळ शिवून मग तिरका ओढला तर सगळा जोर पट्टीच्या एकाच कडेवर, म्हणजे एकाच टाक्यावर येतो. तो गेला की त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. कापडाची पिशवी फाटताना जसा टर्र आवाज येतो तसं एका दमात होतं.

दिशा ठरली की धावदोरा घालून पट्टी जागेवर अडकवायची आणि मूळ शिवणीच्या रेषेवर पुढे-मागे तीन वेळा टीप मारायची. तिच्या आत ३ मिलिमीटरवर दुसरी ओळ, तशीच. मग आतलं ३ सेंटीमीटर टोक मायेवर उलटं दुमडून त्यावरून तिसरी ओळ. मशीनवर झिगझॅग असेल तर ही शेवटची ओळ ३ मिलिमीटर रुंद आणि अगदी दाट झिगझॅगने मारावी. दाट टाके इथे चालतात, कारण खाली पट्टीचे दोन पदर आणि माया आहे, एकेरी कापड नाही. शेवटी गोट परत गुंडाळून शिवून टाकायची.

काही बॅगांत शिवण उसवता येत नाही, आत अस्तर चिकटवलेलं असतं. तिथे कापडावरच लावणं भाग पडलं तर आतून ६ सेंटीमीटर चौरसाचं ठिगळ द्यावं, जुन्या बॅगेचं जाड कापड उत्तम. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत; टोकदार कोपऱ्यापासून फाटायला सुरुवात होते. वर पट्टीचा चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप. ही टीप पट्टी कापडाला समांतर ओढली जाते तेव्हाच टिकते. पट्टी कापडापासून बाहेर, उभी ओढली गेली की पहिल्या टाक्यापासून सोलत निघते. म्हणून असा पट्टा वळणावर लावू नये.

दोरा सुती नको, मग तो कितीही जाड असो. दोन पावसाळ्यांत कुजतो. कपड्यांच्या पॉलिस्टर रिळाचा दोराही अपुरा. बॅगा आणि बूट शिवणारे वापरतात तो बॉन्डेड नायलॉन किंवा पॉलिस्टर दोरा मागावा, टेक्स ७० (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप) च्या आसपासचा. त्याला १८ नंबरची सुई. १६ नंबरच्या सुईत तो ओवला जातो, पण नेढ्यात घासून पिंजतो आणि मग मशीनला दोष दिला जातो. वरचा दोरा आणि बॉबिन दोन्हीकडे तोच. खाली दोऱ्याची जाळी व्हायला लागली तर वरचं टेन्शन वाढवावं. काळं, पायाने चालवायचं जुनं मशीन या कामाला नव्या प्लॅस्टिकच्या मशीनपेक्षा बरं, पण मोटरने चालवू नये. जाड भागावर चाक हाताने फिरवावं. प्रेशर फूट, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग, जाड भागावर चढताना पुढून उचलला जातो आणि तिथेच टाके सुटतात. फुटाच्या मागच्या बाजूला पट्टीचाच दुमडलेला तुकडा ठेवला की तो सपाट राहतो. ही युक्ती कुठलाही जीन्स शिवणारा शिंपी दाखवेल.

मशीन नसेल तर कोपऱ्यावरच्या चर्मकाराकडे जावं. त्याच्या आरीने घातलेला टाका घरच्या मशीनच्या टाक्याला हार जात नाही. फक्त त्याला नेमकं सांगितलं पाहिजे. 'जरा पट्टा मारून द्या' म्हटलं की तो समोर दिसतं तिथे, म्हणजे मोकळ्या कापडावर, मारून देतो, आणि त्यात त्याची चूक नसते. दोरा आपण न्यावा, शिवण आपण घरी उसवून न्यावी, धावदोरा घालून न्यावं, आणि टाका ४ मिलिमीटरचा, तीन ओळी असं सांगावं. मजुरी सांगेल त्यात घासाघीस करू नये, जाड शिवणीतून आरी खुपसणं मनगटाचं काम आहे.

ज्यांना काहीच शिवायचं नाही, त्यांनी सॅकला आधीपासून असलेल्या कड्या आणि लूप शोधावेत. पुढच्या बाजूला वरखाली दोन, पाठीच्या शिवणीत खांद्याच्या पट्ट्याजवळ दोन, असे बहुधा मिळतात. ३ किंवा ४ मिलिमीटरची दोरी त्यांच्यातून बुटाच्या नाडीसारखी नागमोडी ओवून शेवटी दाबून अडकवायचं बटण लावलं की ३० लिटरच्या बॅगेचा झोल जातो. फाटक्या लुपावर भार देऊ नये, आधी त्यावर चार टाके मारावेत. वाटेत शिवण उसवली आणि हाती काही नसलं तर जाड सुई आणि मेण लावलेला डेंटल फ्लॉस पुरतो. ज्याच्या दांड्याला फट असते असं एक बकल खिशात असावं, ते न उसवता, न शिवता बसवता येतं.

पट्टीची टोकं. कात्रीने तिरकी कापून गॅसच्या निळ्या ज्योतीवर क्षणभर धरावीत. मेणबत्तीने काजळी धरते. वितळलेलं टोक बोटाने दाबू नये. चिकटून भाजतं आणि सुटत नाही. जास्त वितळवलं तर कडक गाठ येते, ती बकलातून जात नाही आणि पुढे हाताला बोचते. लांब तुकड्याचं टोक बकलात ओवल्यानंतरच दोनदा दुमडून शिवावं. आधी शिवलं तर ओवता येत नाही, आणि न शिवता सोडलं तर पट्टा सैल करताना कधीतरी बकलातून पूर्ण निघून येतो, नेमका अंधारात. उरलेलं शेपूट गुंडाळून रुंद इलॅस्टिकच्या कडीत अडकवावं. लोंबणारं शेपूट करवंदीच्या जाळीत अडकतं, शिडीच्या गजात अडकतं, आणि सर्वांत वाईट म्हणजे लोकलमधून उतरताना कुणाच्या तरी बॅगेत.

शिवल्यावर चाचणी. सॅकमध्ये १० लिटर पाण्याच्या बाटल्या भरून पट्टे आवळावेत आणि एकेक पट्टा दोन्ही हातांनी धरून सॅक मिनिटभर जमिनीपासून उचलावी. मग शिवणीकडे बारीक पाहावं. सुईची भोकं गोल राहिली असतील तर काम झालं. ती लांबट झाली असतील, कापडाचे धागे सरकून फटी दिसत असतील, तर टाके उसवून ठिगळ देऊन पुन्हा शिवावं. तीच चाचणी पट्ट्या भिजवून परत करावी. आतला लेप पापुद्र्यासारखा सुटत असेल किंवा चिकट झाला असेल, तर त्या सॅकवर मेहनत करण्यात अर्थ नाही. दमट हवेत वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या बॅगांचं असं होतं. तिचं कापडही फारसं राहिलेलं नसतं, बकलं तेवढी काढून घ्यावीत.

आवळायचं कसं, तर खालचे पट्टे आधी. सामान वर आणि पाठीकडे ढकललं जातं, मग वरचे. डावा-उजवा सारखा. उत्साहाने फार आवळलं की सॅकचा ओंडका होतो, पाठीचा भाग फुगून मणक्यावर टेकतो आणि घामाला वाट उरत नाही. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरतील इतकं पुरे. घरी ठेवताना सगळे सैल सोडावेत.

आणि हे मात्र कापू नये, ही विनंती. हे पट्टे सामानासाठी आहेत. कातळटप्प्यावर सॅक दोरीने वर ओढताना दोरी वरच्या हँडलला आणि खांद्याच्या पट्ट्यांना मिळून बांधायची, या पट्ट्यांना कधीच नाही. टाका सुटला तर खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर १२ किलो येतात. घरी शिवलेल्या पट्टीची स्लिंग, म्हणजे चढाईत वजन पेलणारं पट्टीचं कडं, करून तिला माणूस लटकवणं तर सोडूनच द्यावं. क्लाइंबिंगच्या स्लिंगला ईएन ५६६ या युरोपीय मानकानुसार २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण सव्वादोन टन, पेलावे लागतात, आणि ती शिवण खास यंत्रावर घालून, नमुने तोडून तपासलेली असते. वरची १० लिटर पाण्याची चाचणी त्याच्या जवळपासही जात नाही. पट्टी तीच दिसते म्हणून गैरसमज होतो.

सुईच्या भोकांतून पाणी येणारच. शिवणीवर आतून सीलर फासता येतो, पण त्याआधी कापडाचा लेप कोणता ते पाहावं: पॉलियुरेथेनच्या लेपाला पॉलियुरेथेनचाच, सिलिकॉनच्या लेपाला सिलिकॉनचाच धरतो. सह्याद्रीच्या जुलैत तरी सॅकच्या कापडावर कुणी भिस्त ठेवू नये. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यातच सामान भरावं, आणि पट्टे आवळण्यापूर्वी तिच्यातली हवा काढावी, नाहीतर आवळला जातो तो फुगाच.

परत आल्यावर बकलं साध्या पाण्याखाली धरून दातांतला चिखल काढावा, तेल घालू नये, त्यावर धूळ बसते. पट्ट्या सावलीत वाळवाव्यात. ३ मीटरमधून अर्धा मीटर उरला असेल तर त्याला उरलंसुरलं एखादं बकल लावून सॅकच्या वरच्या खिशात टाकावा. कुणाच्या तरी बुटाचा तळ सुटतोच.

कळावे,
सॅक दुरुस्त करणारे दोन वाचक, पुणे